वडगावचा करंट गेला की अण्णा ऑनलाईन यायचे

मेलेल्या माणसाला मी 'लवकर बरे व्हा' लिहिलंय.

इथंच, ह्याच ॲपवर. वर दोन फुलं पण टाकलीत.

ज्यांना लिहिलं ते बेळगाव-वडगावचे अण्णा. घरात दोन पॉवरलूम, आयुष्यभर साड्या विणल्या. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

मी निपाणीचा टेलर. ब्लाऊज आणि फॉल-पिको. नऊ वर्षं आमची दोस्ती, पण समोरासमोर भेट एकदापण न्हाय.

ओळख भांडणातनं झाली. मी एका ग्रुपवर शहाणपणा केला होता, की पॉवरलूमच्या साडीला फॉल लावला की काठ चुरमडतो.

खाली अण्णांची कमेंट.
"काठ चुरमडत न्हाय टेलर. तुमचा दोरा ताणतोय."

लई राग आला. पण गुपचूप मशीनचा दोरा ढिला केला. काठ सरळ बसला.
हे मी त्यांना सहा महिने सांगितलं न्हाय.

अण्णांची ऑनलाईन यायची एक पद्धत होती. माग चालू असताना फोनला हात लावायचे न्हाईत. करंट गेला, माग थांबले, की कट्ट्यावर येऊन बसायचे आणि लिहायचे,
"करंट गेला रं. काय चाललंय?"

की मी दुकानातनं उत्तर द्यायचो. मग आमची जुंपायची. पाऊस, राजकारण, माझ्या पोराचं लग्न, त्यांचा गुडघा. मधेच गप झाले की समजायचं, करंट आला.

दर दोन महिन्यांनी मी लिहायचो, "एकदा येतो अण्णा वडगावला."
ते लिहायचे, "ये की. चहा ठेवतो."
दीड-दोन तासांचा रस्ता. नऊ वर्षं गेलो न्हाय.

तेव्हा हे ॲप साधं होतं. आपल्या माणसानं लिहिलं की आपल्याला दिसायचं. आत्ता लिहिलं तर आत्ता.

मग हळूहळू काय बिघडलं कळलंच न्हाय. उघडलं की कुठल्या तरी बाईचा डान्स, कुणाचं तरी ऑपरेशन, तीनशे रुपयात साडी. मी त्या बायांना ओळखत न्हाय. त्या मला ओळखत न्हाईत. माझी माणसं कुठं गेली ते विचारायचं कुणाला?

अण्णा पण दिसायचे बंद झाले.

आणि मला काय वाटलं सांगू?
मला वाटलं, वडगावचा करंट आता जात न्हाय. माग दिवसभर चालू असतील, धंदा जोरात असंल, अण्णांना फोन बघायला टाईम न्हाय.
मी खूश झालो हो. बायकोला सांगितलं पण, अण्णांचं बरं चाललंय म्हणून.

चार महिन्यांनी एकदम अण्णांची पोस्ट समोर आली.
"ॲडमिट हाय. टेलर, येऊन जा एकदा."

मी लगेच लिहिलं, "लवकर बरे व्हा अण्णा. रविवारी येतो." आणि ती फुलं.

थोड्या वेळानं अण्णांच्याच नावानं उत्तर आलं.
"काका, मी सुमा, अण्णांची मुलगी. अण्णा जाऊन आठ दिवस झाले."

पोस्ट सतरा दिवसांपूर्वीची होती. तारीख असते वर बारीक अक्षरात. मी बघितली न्हाय. इथं सगळं आत्ताचंच असतं, ही माझी जुनी सवय.

मग त्यांच्या प्रोफाईलवर गेलो. चार महिन्यांच्या पोस्टी एकाखाली एक.
"करंट गेला रं."
"टेलर, रागावलास काय?"
"टेलर, हाईस का?"
टॅग करायला त्यांना कधी जमलं न्हाय. त्यांना वाटायचं, लिहिलं की पोचलं.

ॲपला शिव्या घालायला मी आज बसलोय खरं. पण एक खरं सांगतो, अण्णांचा नंबर माझ्या फोनमधे होता. चार महिन्यांत एक फोन मी लावला न्हाय. ते कुठल्या ॲपनं अडवलं न्हवतं.

रविवारी तरीपण गेलो.

गल्लीत घराघरातनं माग खडखडत होते. फक्त अण्णांच्या मागांवर चादर टाकलेली. सुमानं चहा दिला. मी मान वर करून तिच्याकडं बघू शकलो न्हाय.

तिनंच सांगितलं. दवाखान्यात अण्णा रोज विचारायचे, टेलरनं काय लिहिलंय का बघ. ती रोज बघायची. काही नसायचं.

शेवटच्या दिवशी मात्र ती खोटं बोलली.

"मी म्हटलं, व्हय अण्णा, काकांनी लिहिलंय. रविवारी येतो म्हणालेत. मग झोपले शांत."

मग आठ दिवसांनी माझी कमेंट तिनं वाचली, तेच शब्द. ती मला म्हणाली, "काका, फोन हातातनं पडला माझ्या."

मी रडलो. परक्या घरात, पहिल्यांदाच गेलेल्या, चहाची बशी हातात धरून रडलो.

तेवढ्यात करंट गेला. सगळ्या गल्लीतले माग थांबले. माणसं कट्ट्यावर आली आणि सगळ्यांनी फोन काढले. मी पण काढला, सवयीनं. अण्णांचं नाव उघडलं.

सुमाला मी सांगितलंय, अण्णांचं अकाउंट बंद करू नको. ॲपनं दाखवू दे नायतर न दाखवू दे, मी नाव टाईप करून जातो. आणि आता माझ्या माणसांना फोन लावतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आलाय माझा फोन, कशाला केला म्हणून विचारलंत पण.

अण्णा, आज रविवार आहे. सकाळची गाडी धरून वडगावला निघालोय.

रविवारी येतो, हा तुमच्या पोरीनं माझ्या नावानं दिलेला शब्द आहे, तो मोडत न्हाय.

करंट गेला की या. दोरा ढिलाच ठेवलाय.