गोलाची वक्रता उणे

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, माझं सूटकेसमध्ये. विषय डिफरन्शियल जॉमेट्री, म्हणजे वाकड्यातिकड्या पृष्ठभागांचं गणित, आणि पीएचडीनंतर आठ वर्षं नुसती कॉन्ट्रॅक्टं. शेवटचं इंग्लंडात, साउथहॅम्प्टनला. नवरा आणि लेक वॉटफर्डला, कारण दर वर्षी शाळा कोण बदलणार? मी सोमवारी जायची, गुरुवारी यायची. सूटकेस दाराजवळच असायची. लेक तिच्याकडे बघायची तेव्हा मला स्वतःचाच भयंकर राग यायचा.

मग नॉटिंगहॅमहून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. पर्मनंट नोकरीसाठी! मिळाली तर तिघंही तिकडे, एका घरात. नवऱ्याचं काय, लॅपटॉप उघडला की ऑफिस.

इंटरव्ह्यूआधी सगळ्या डिपार्टमेंटसमोर तासभर आपलं संशोधन मांडायचं असतं. आता आमच्या विषयातलं एक जुनं दुखणं सांगते. वक्रतेच्या सूत्रात काही जण अधिक चिन्ह धरतात, काही उणे. दोन्ही चालतं, पण एकदा धरलं की शेवटपर्यंत तेच. मी शहाणीने अर्धं व्याख्यान पुण्यातल्या सरांच्या पद्धतीने लिहिलं होतं आणि अर्धं साउथहॅम्प्टनच्या सहकाऱ्याच्या.

फळ्यावर उदाहरणाला साधा गोल घेतला. वक्रता आली उणे! गोलाची हवी अधिक, उणे असते ती खोगिराची; म्हणजे फुटबॉल झाला खोगिरासारखा. पहिल्या रांगेत डुलक्या घेणाऱ्या म्हाताऱ्या प्रोफेसरांनी नेमका तेव्हाच डोळा उघडला.

"गोलाला कळवलंय का हे?" त्यांनी विचारलं.

गुपचूप पुसून टाकावं असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण म्हटलं, "चुकले. दोन पद्धतींची खिचडी केलीय." आणि सगळ्यांदेखत पहिल्या ओळीपासून एकेक चिन्ह तपासत आले. चोर सापडला, पण मुख्य प्रमेयाला वेळच उरला नाही.

ट्रेनमधून घरी फोन केला आणि ढसाढसा रडले. "गेली रे नोकरी, एका मायनसपायी!" फोन स्पीकरवर होता, लेकही ऐकत होती.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो आणि त्या प्रोफेसरांचाच फोन आला. मी ऐकलं, थँक्यू म्हटलं, ठेवला.

लेकीने घास हातातच धरला. "आई, प्लस की मायनस?"

"प्लस गं बाई, प्लस! म्हणाले, आपली चूक सगळ्यांदेखत शोधणारी माणसंच हवीयत."

"मग मंडेला तू घरी?"

"सप्टेंबरपासून. रोज."

'सप्टेंबर' तिने ऐकलंच नाही. तशीच खरकट्या हाताने उठली, सूटकेस ओढत नेली आणि जिन्याखालच्या कपाटात कोंबून आली. सोमवारी ती परत काढावी लागणार होती, पण मी उठून कपाटाचं दार नीट लावून घेतलं.