कपाळावरचा ओला स्पंज

बाबांच्या डोक्याला बांधतात ते यंत्र मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको असतं. मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज पट्ट्याखाली बसवायचे आणि त्यांतून हलकी वीज सोडायची. कंपवातानं अडखळणारी पावलं त्यामुळे सुटी होतात म्हणे.

काल त्या स्पंजातलं पाणी ओघळून बाबांच्या डोळ्यात गेलं. त्यांनी हात उचलला, पण तो थरथरत छातीपाशीच अडकला. थेरपिस्ट बाई यंत्राच्या पडद्यावरची नजर न काढता मला विचारत होत्या, "आजोबांना मुंग्या येतायत का?"

"त्यांनाच विचारा ना! डोकं त्यांचं आहे," मी ओरडले आणि ओढणीनं बाबांचा डोळा पुसला.

माणूस बरा करायला बसलेल्यांना समोरचा माणूसच दिसू नये, याची मला चीड येते. त्याहून जास्त चीड येते ती आशेची. कुणाला गुण येतो, कुणाला नाही, हे डॉक्टरच सांगतात, तरी आम्ही रोज जातो.

काल संध्याकाळी मी म्हणाले, "बाबा, बास. उद्यापासून नाही जायचं."

"तुझा राग तुझ्यापाशी ठेव," बाबा सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले. "आज दुपारी मी एकटा संडासला जाऊन आलो. तुला हाक मारली नाही. उद्या मला घेऊन जा."