पोटरीवर आलेलं भात

जमिनीला कुणी ‘रिकामी’ म्हटलं की माझं डोकं फिरतं, ते गास गावातल्या त्या म्हातारीमुळे. तिचं नाव मला ठाऊक नाही. सकाळी फिरायला गेलो की ती बांधावर दिसायची. भात पोटरीवर आलं की शेतात चपला घालून उतरणाऱ्यावर ती खेकसायची. एकदा बिल्डरचा माणूस राडारोड्याचा डंपर घेऊन तिथे आला.

“आजी, नुसतं गवत आहे. जागा रिकामीच आहे.”

तिने त्याचं बोट धरून भाताच्या फुगलेल्या दांड्यावर दाबलं. “कनीस हाय आत. पोटरी म्हनतात ह्याला. पोटातलं दिसत नाय म्हनून बाईला रिकामी म्हनशील?”

त्याने बोट पँटला पुसलं आणि डंपरवाल्याला ओरडून सांगितलं, “येऊ दे मागे, येऊ दे!”