आंबट पाण्याचा निरोप

या घरात सून म्हणून आले त्याला बरीच वर्षं झाली, पण भासऱ्यांशी मी कधी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर तोंड उघडायचं नसतं, त्यांचं नाव घ्यायचं नसतं, ते ओसरीवर बसलेले असतील तर मागच्या दारानं जायचं असतं. काही सांगायचंच झालं तर मध्ये सासूबाई. मी स्वयंपाकघरात सांगायचं, त्यांनी दोन खोल्या ओलांडून ओसरीवर पोचवायचं आणि तिकडचं उत्तर घेऊन परत यायचं. नवरा केळापूरकडे शाळेवर मास्तर, तो शनिवारी उगवणार. त्यामुळे आठवडाभराचं सगळं दळणवळण सासूबाईंच्या पायांवर होतं.

बाहेरच्यांना हे ऐकून हसू येतं. मलाही सुरुवातीला यायचं. पण माणूस वाईट असता तर मी ही रीत कधीच मोडली असती. लग्नानंतर माझी स्वच्छता निरीक्षकाची परीक्षा यवतमाळला होती आणि नवऱ्याला रजा नव्हती. भासऱ्यांच्या गाडीवर मागे बसणं तर शक्यच नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी आख्खा ऑटो केला आणि स्वतः मोटारसायकलवर ऑटोच्या पुढे चालत राहिले, एखाद्या मंत्र्याच्या गाडीपुढे चालतात तसे. पेपर सुटेपर्यंत बाहेर निंबाखाली बसले. मी आले तेव्हा त्यांनी ऑटोवाल्याला विचारलं, "सोपा गेला का पेपर?" ऑटोवाल्यानं मला विचारलं, मी त्याला सांगितलं, त्यानं त्यांना सांगितलं. त्या परीक्षेवर मला नगर परिषदेत नोकरी लागली.

भासऱ्यांची डेअरी आर्णी रोडवर. आजूबाजूच्या तांड्यांवरून सकाळ-संध्याकाळ दुधाच्या कॅन येतात, त्याचं दही, खवा आणि गेल्या काही वर्षांपासून पनीर. पूर्वी आमच्याकडच्या लग्नात वांग्याची भाजी आणि बुंदी असली की वऱ्हाडी खूश असत. आता पंगतीत पनीर दिसलं नाही तर व्याही तोंड फिरवतात. पनीर काढलं की मागे आंबट पाणी उरतं आणि ते भरपूर उरतं. डेअरीतून ते जमिनीखालच्या पाइपानं सरळ गटारात जायचं.

तोवर गटार म्हणजे उघडी नालीच होती, तिच्यात काय जातं हे कोणी पाहत नसे. मग नगर परिषदेनं भूमिगत गटार टाकलं, गावाबाहेर शुद्धीकरण केंद्र बांधलं आणि पाठोपाठ नियम आला. धंद्याचं पाणी गटारात सोडायचं तर परवानगी घ्यायची. पाणी आंबट नको, कढत नको, तेलकट नको. मी हे एका हॉटेलवाल्याला वाचून दाखवलं तेव्हा त्यानं शांतपणे विचारलं, मग त्याच्यात उरलं काय?

नियम राबवायचं काम माझ्याकडे होतं. गाड्या धुणारे, फरसाणवाले, रंगारी, सगळ्यांच्या दारात मी जाऊन आले. प्रत्येकानं मला खुर्ची दिली, चहा दिला आणि शेजाऱ्याचं नाव दिलं.

लग्नसराई सुरू झाली आणि केंद्राच्या टाक्यांवर फेस यायला लागला. वास असा की तिथला चौकीदार डबा खायला बांधावर जाऊन बसू लागला. अभियंता म्हणाले, टाकीत घाण खाणारे जिवाणू असतात, पाणी फार आंबट झालं की ते मरतात. ते मेले होते. एका सदस्यानं सभेत विचारलं की नवे मागवायला निविदा काढावी लागेल का. नंतर खालच्या तांड्यावरची एक बाई कार्यालयात आली. केंद्राचं पाणी ज्या नाल्यात जातं त्याच्यावर तिच्या म्हशी पाणी प्यायच्या. आता तोंड लावतात आणि मागे सरतात, असं तिनं सांगितलं. मी तिला ओळखत होते, कारण तिचं दूध आमच्याच डेअरीवर यायचं.

मी गटाराची झाकणं खालून वर एकेक उघडत गेले आणि प्रत्येक ठिकाणी परीक्षेच्या कागदाची पट्टी बुडवून पाहिली. पाणी आंबट असलं की पट्टी लाल होते, ठीक असलं की हिरवी. ती डेअरीसमोरच्या झाकणापर्यंत लाल होत राहिली आणि त्याच्या वरच्या झाकणात झाली नाही. गाड्या धुणारा समोरच्या दुकानातून पाहत होता. "पहिले घरचं पाहा, मॅडम," तो म्हणाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका जवळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंना नीट समजावून सांगितलं. पनीरचं पाणी गटारात सोडू नका, धुण्याच्या पाण्यासाठी टाकं बांधा, त्यात चुना घाला, नाहीतर मला पाइप बंद करावा लागेल. सासूबाईंनी सगळं ऐकलं, पदर सारखा केला आणि ओसरीवर गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा प्रसन्न होता.

"तो म्हनते, तू नोकरी सांभाळ. बाकी तो पाह्यते."

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर भरूनच आलं. पण पट्टी लालच होत राहिली. मी पुन्हा निरोप पाठवला, पुन्हा गोड उत्तर आलं. शिपायाच्या हातून नोटीस पाठवली, ती भासऱ्यांनी घरी आणून आईच्या हाती दिली. तिच्यावर राजमुद्रा होती म्हणून सासूबाईंनी ती देवघरात ठेवली आणि रोज तिलाही उदबत्ती ओवाळू लागल्या. इकडे गाड्या धुणाऱ्यानं टाकं बांधायचं काम थांबवलं. मॅडमच्या घरचं होईल तेव्हा माझं होईल, म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं.

शेवटी साहेबांनी मला बोलावलं आणि एवढंच विचारलं की डेअरीवर मी जाणार की दुसऱ्या कोणाला पाठवायचं. दुसरा गेला असता तर घरात मला सांगता आलं असतं की माझा इलाज नव्हता. मी म्हटलं, मीच जाते.

ऐन मोसमात पनीर थांबलं तर ज्यांचं पनीर ठरलं होतं ती लग्नं दुसऱ्या डेअरीकडे जाणार आणि पुन्हा येणार नाहीत, हे मला माहीत होतं. आमचं आख्खं घर त्या डेअरीवर उभं होतं. मास्तरचा आणि माझा पगार त्याच्या शेंडीला बांधलेल्या फुलासारखा. हे सगळं डोक्यात घेऊन मी डोक्यावर पदर घेतला आणि गवंडी, दोन कामगार आणि शिपाई बरोबर घेऊन निघाले.

भासरे पनीरच्या फडक्यावर दगड ठेवत होते. मला पाहून त्यांनी रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड केलं आणि शिपायाला म्हणाले की लायनीला, म्हणजे धाकट्या सुनेला, चहा विचार. मी शिपायाला म्हटलं, सांगा, आम्ही पाइप बंद करायला आलो आहोत. शिपायाच्या घरी दूध याच डेअरीतून जायचं. त्यानं घसा साफ केला.

"मॅडम म्हनते, चहा नको."

तेव्हा माझं डोकं फिरलं. या गावात माझ्या आणि ऐकणाऱ्याच्या मध्ये जो उभा राहतो तो माझं बोलणं चाळणीतून चाळून पुढे देतो, असं मला वाटलं. मी शिपायाला बाजूला केलं.

"तुमचं पानी आंबट हाय," मी भासऱ्यांच्या पाठीला म्हणाले. "त्यानं केंद्र बंद पडून राह्यलं. तांड्यावरच्या म्हशी नाल्यातलं पानी पीत नाईत, अन् त्याच म्हशीचं दूध तुमच्याइथं येते. मी आज पाइप बंद करून राह्यली."

गवंड्यानं घमेलं खाली ठेवलं. भासरे वळले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे समोरून पहिल्यांदाच पाहिलं असेल. डोळे सासूबाईंसारखे आहेत हे मलाही तेव्हाच कळलं.

"माय तं म्हने, तू हापिसात सांभाळून घेऊन राह्यली."

"मी असं कधी म्हटलं नाई."

त्यांनी ओले हात पुसले. मग म्हणाले, "मी तवाच सांगतलं होतं, माह्या डेअरीच्या आड येत असंल तं सोड म्हना नोकरी. तुले पोचलं नाई का?"

मला पोचलं होतं. फक्त 'सोड'चं 'सांभाळ' होऊन पोचलं होतं. मला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण त्या एका शब्दावर मी कित्येक दिवस खूश होते. मी गवंड्याला हात केला. सिमेंट लागेपर्यंत भासरे तिथेच उभे होते, पण त्यांनी अडवलं नाही.

त्यानंतर घरात जेवणं व्हायची, बोलणं व्हायचं नाही. डेअरीत खवा आणि दही चालू होतं, पनीर बंद. दोन लग्नं आर्णीच्या डेअरीकडे गेली. मी सासूबाईंना विचारलं की तुम्ही असं का केलं. त्या भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "तुमचे निरोप जसेच्या तसे देले असते तं ह्या घरात कवाच दोन चुली झाल्या असत्या." मला आठवलं की भासऱ्यांबद्दल माझ्या मनात जे चांगलं होतं त्यातलं बरंचसं सासूबाईंच्या तोंडून आलेलं होतं. भासऱ्यांच्या मनातलं माझ्याबद्दलचंही तसंच असणार. आता कुठलं खरं, कुठलं सासूबाईंच्या पदरचं, हे निवडत बसायची माझी हिंमत झाली नाही.

भासऱ्यांनी मला न विचारता टाकं बांधायला घेतलं. पनीरच्या पाण्याचा मार्ग त्यांनीच काढला. दूध घालून तांड्यावर रिकाम्या जाणाऱ्या कॅनमधून ते पाठवायचं, तिथं म्हशींना घालायची सरकी ढेप भिजवायला ते चालत होतं. गाड्या धुणारा दोनदा येऊन टाकं पाहून गेला आणि त्यानं आपलंही काम पुन्हा सुरू केलं.

टाकं भरलं तेव्हा तपासायला मी गेले. सासूबाईही आल्या, कोणी बोलावलं नव्हतं तरी. टाक्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भासरे, मध्ये उलट्या कॅनवर त्या. सवयीनं त्या बरोबर मधेच बसल्या होत्या.

"चुना किती टाकाचा?" भासऱ्यांनी विचारलं. मलाच.

"कागद हिरवा होईस्तोवर," मी म्हणाले.

त्यांनी ओंजळ टाकली, मी पट्टी बुडवली. अजून लागेल, मी म्हणाले. त्यांनी पुन्हा टाकली. सासूबाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होत्या. कोणाला कुठे जायचं नव्हतं, काही पोचवायचं नव्हतं. इतकं रिकामं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं आणि मला त्यांची कीव आली. पट्टी हिरवी झाली. मी गवंड्याला पाइप उघडायला सांगितलं. मग सासूबाईंनी पदर सारखा केला आणि माझ्याकडे वळल्या.

"तो म्हनते, तुनं बरं केलं."

भासरे काठीनं चुना ढवळत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही.