एक नंबरचा माल आणि माझी अॅसिडिटी

आमच्या घरात कुणी बीअर पीत नाही, म्हणून ती गुपचूप बनवायला मला आमचंच घर सगळ्यात सुरक्षित वाटलं. घर जवळा बाजार नावाच्या गावात. खाली पप्पांचं सोयाबीन खरेदीचं दुकान, वर आम्ही.

बीअरला वास आणि कडवटपणा येतो तो हॉप्समुळे. हॉप्स म्हणजे हिरवट, वाळकी फुलं. मी तीन जातींची मागवली, तीन बरण्यांत भरली आणि कुणाचा सुगंध सरस ते ठरवायला तीन दिवस हुंगत बसले. वहीत लिहिलं: पहिली छान. दुसरी छान. तिसरी छान, पण वेगळी. (एवढी वर्षं इंग्रजी शाळेत विशेषणं पाठ केली, वेळेला एकही आलं नाही.)

चौथ्या दिवशी कपाट आवरताना आईला बरण्या सापडल्या. कुठल्यातरी पिकाचा नमुना असेल म्हणून तिने त्या थेट दुकानात पाठवल्या. मी धावत खाली गेले, तर पप्पा आणि शेजारचे गंगाधरकाका फुलं तळहातावर चोळून हुंगत होते.

“ह्याला मोसंबीच्या सालीचा वास हाय,” पप्पा म्हणाले.

“व्हय. ह्या दुसऱ्याला ओल्या लाकडाचा. अन् तिसऱ्यात मांजर मुतल्यावानी येऊन राहिलंय,” काका म्हणाले.

फुलं ज्या पाकिटांतून आली, त्यांवरही अगदी हेच छापलं होतं. फक्त मांजराचा उल्लेख जरा सभ्य होता.

“पहिला एक नंबर. दुसरा ठीक. तिसरा माल वापस कर,” पप्पांनी निकाल दिला. “पण काहून आणलं माय हे?”

काकांना कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला कळते.

“औषध आहे. काढ्याचं,” मी म्हणाले.

“कशावरचं?”

“अॅसिडिटी.”

“कुणाला?”

समोरचे दोघंही दगड पचवणारे. “मला.”

पप्पांचा आवाज एकदम मऊ झाला. “इतकी तकलीफ, अन् बोलली न्हाईस?”

आईने एक नंबरच्या मालातली मूठभर फुलं उकळली. पहिल्याच घोटाला माझे कान बंद झाले.

“लई कडू हाय का?” काकांनी विचारलं.

“हो.”

“मंग लागू पडतं बघ.”

त्याला आता दोन आठवडे झाले. रोज सकाळी, उपाशीपोटी, भरून ग्लास. काल बरणीचा तळ दिसायला लागला, तेव्हा मी धीर करून म्हणाले, “पप्पा, आता पूर्ण बरं वाटतंय.”

“गुण आला ना? मंग मधीच सोडू नको,” म्हणत त्यांनी स्वतः उठून ग्लास भरला.

मी प्यायले. ‘नको’ म्हणायला मला अजून मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत येत नाही.