चिखलोलीची गोबी

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं आटपून बायका सतरंजीवर टेकल्या की कुणीतरी म्हणतंच, सांग गं ते उंटाचं. मी थोडे आढेवेढे घेते, कारण तेवढा मान घ्यायचा असतो, आणि मग सांगते. माझा मुलगा मध्येच तोंड घालतो, आई, मागच्या खेपेला स्कूटर निळी होती, आता हिरवी कशी झाली? मी म्हणते, तुझे आजोबा रंगखात्यात होते, आमच्याकडे रंग बदलायचेच.

पण दर वेळी मी गोष्ट अंबरनाथपर्यंत नेते आणि तिथेच उतरते. सगळे हसत असतात, तेवढ्यात कुणी चहा आणतं, विषय बदलतो. पुढचं मी कधी सांगितलेलं नाही. ते इथे लिहिते. लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं, हे एक बरं असतं.

आम्ही बदलापूरला, कुळगावात, दोन खोल्यांत राहायचो. आई, अण्णा, ताई आणि मी. अण्णा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते, तिथे नकली रेशमाचं सूत रंगवायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या नखांवरून कळायचं आज कुठला रंग चढला. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिला लहानपणी सांध्यांचा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना तिच्या हृदयाची एक झडप खराब करून गेला. माझ्या कानाला झडप म्हणजे मांजर उंदरावर घालते ती. त्यामुळे ताईच्या छातीत एक मांजर दबा धरून बसलंय, असं मी कितीतरी दिवस समजत होते आणि शाळेत तसं सांगूनही आले होते.

त्या झडपेपायी ताईला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यावं लागायचं. बदलापुरातले डॉक्टर ते द्यायला बिचकायचे. म्हणून अण्णांच्या विश्वासातल्या उल्हासनगरच्या डॉक्टरांकडे जावं लागे. इंजेक्शन इतकं दुखायचं की पुढचे दोन दिवस ताई एका कुशीवर झोपे. जायच्या दिवशी ती खिडकीचे गज धरून बसायची. ओरडायची नाही. नुसती गज सोडायची नाही. चुकवलं तर ताप परत येईल आणि उरलीसुरली झडपही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आई एकेक बोट सोडवायची आणि स्वतःच रडायची.

यावर उपाय निघाला तो उल्हासनगरच्या एका कापडवाल्याच्या भिंतीवरून. कॅम्पातल्या बाजारात एका म्हाताऱ्या सिंधी गृहस्थांचं कटपिसचं दुकान होतं. आम्ही त्यांना काका म्हणायचो, अण्णा शेठ म्हणायचे, आणि ते अण्णांना साईं म्हणायचे. काका मूळ सिंधमधल्या शिकारपूरचे. त्यांचे आजोबा म्हणे उंटांच्या तांड्याबरोबर पार चीनच्या पश्चिम टोकाला, काशगरला जायचे, तिथे त्यांची पेढी होती. दुकानात एक परदेशी कॅलेंडर होतं. त्यावर उंटांची रांग आणि खाली चीनमधल्या शिआनपासून निघालेला रेशमाचा जुना रस्ता लाल रेघेने काढलेला. वर्ष संपल्यावर काकांनी ते अण्णांना देऊन टाकलं.

अण्णांनी ते घरी भिंतीला लावलं आणि जाहीर केलं की आपण रेशमाची माणसं, हा रस्ता आपलाच आहे.

"तुमचं रेशीम लाकडाच्या लगद्याचं," आई म्हणाली.

"म्हणून तर बदलापुराहून निघायचं," अण्णा म्हणाले. "खरं असतं तर शिआनहून निघालो असतो."

तर बदलापूर झालं शिआन. पुढे चिखलोलीचा माळ. तेव्हा तिथे बिल्डिंगा नव्हत्या, नुसतं पिवळं गवत, धूळ आणि मधून जाणारा रस्ता. ते झालं गोबीचं वाळवंट. त्यापुढे अंबरनाथ. तिथलं कोरीव शिवमंदिर म्हणजे चिनी लोकांची चित्रांची लेणी. आणि शेवटी उल्हासनगर, म्हणजे काशगर, कारण काकांच्या आजोबांची पेढी तिथलीच. इंजेक्शनचा उल्लेख या नकाशात कुठेच नव्हता. तांड्याचा जनावर-डॉक्टर काशगरला बसतो, एवढंच अण्णांनी मोघम सांगितलं होतं.

उंट म्हणजे आमची स्कूटर. तिला अण्णांनी कॅम्पातूनच एक जुनी साइडकार जोडून घेतली होती, म्हणून तो दोन वशिंडांचा उंट. अण्णा तांड्याचे प्रमुख. साइडकारमध्ये आई आणि ताई. आई खजिनदार, ताई व्यापारी. मी पुढे अण्णांच्या पायांपाशी उभी. माझं पद काय, असं विचारल्यावर अण्णांनी जरा विचार करून सांगितलं, तू ओझ्याचं गाढव. मला फार आनंद झाला. पन्नाशीला आल्यावर आता कळतं की ती बढती नव्हती.

पहिल्या प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी अण्णा पादत्राणं काढता काढता आईला म्हणाले, "उद्या वाटेत गोबी लागेल बरं का." आईची लग्नानंतरची पहिली वर्षं उल्हासनगरात, सिंधी शेजारात गेलेली. शेजारीण कोबीला पत्तागोबी म्हणायची. लागेल म्हटल्यावर आई पिशवी घेऊन उठली आणि कोबीचा गड्डा घेऊन आली. सकाळी लवकर उठून तिने चण्याची डाळ घालून भाजी केली, पोळ्या केल्या, डबा बांधला. चिखलोली संपल्यावर अण्णांनी स्कूटर थांबवली आणि म्हणाले, ओलांडली गोबी. आई म्हणाली, ओलांडली कशाला, डब्यात आहे की.

ताई इतकी हसली की तिला धाप लागली, आणि आईने आम्हा सगळ्यांना दटावलं. पण पुढच्या खेपेला निघताना ताईने गज धरले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक वेळी डब्यात कोबीचीच भाजी. त्यात बदल करायची कुणाची टाप नव्हती.

तांड्याचे नियमही ठरले. गोबीत तोंड उघडायचं नाही, वाळू जाते. अंबरनाथच्या कारखान्यांची पहिली चिमणी दिसली की अण्णा विचारणार, गोबी ओलांडली का? आणि उत्तर द्यायचा हक्क फक्त ताईचा. ती ओलांडली म्हणाली की तोंडं सुटणार. ती मुद्दाम उशीर लावायची. मी गाल फुगवून, लाल होऊन, दोन्ही हातांनी आरसा धरून उभी. गाढवाला बोलायचं असतं म्हणून कुठे लिहिलंय, असं ती नंतर म्हणायची.

परतताना काकांच्या दुकानात थांबायचं. ताईला लंगडत येताना पाहून काका गल्ल्यामागून उठायचे आणि तिला रेशमाची एक चिंधी द्यायचे, खऱ्या रेशमाची. आठवणीत राहिली ती एक जांभळी आणि एक आंब्याच्या सालीसारखी. ताई ती साइडकारच्या दांडीला बांधायची. तांड्याला निशाण हवं. वर्षभरात दांडी दिसेनाशी झाली. रस्त्यात लोक बघायचे. अण्णा छाती काढून चालवायचे आणि आई पदर तोंडावर घ्यायची, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून.

ही झाली माझी सांगायची गोष्ट. इथे सगळे हसतात.

ताई दहावीत गेली आणि तिला जिना चढवेना. रात्री उशा रचून बसून झोपायची. डॉक्टर म्हणाले, आता इंजेक्शनांनी भागणार नाही, मुंबईला ऑपरेशन करून झडप बदलावी लागेल. अण्णांनी तिला भिंतीवरचा नकाशा दाखवला. काशगरच्या पुढे लाल रेघ पामीरच्या डोंगरात शिरत होती. अण्णांनी तिथे बोट ठेवलं. बोटाचं नख त्या दिवशी हिरवं होतं. एवढं पामीर चढलं की झालं, म्हणाले, पुढे सगळा उतार आहे.

ताईने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, काकांचे आजोबा पामीर चढले होते का? अण्णा म्हणाले, विचारू आपण शेठना.

विचारायचं राहिलं. स्कूटरवरून तिला नेणं शक्य नव्हतं, म्हणून कारखान्याने गाडी दिली. मीही हट्टाने बसले. गाडीच्या काचा बंद, धूळ नाही, वारा नाही, तरी चिखलोली आली तसे सगळे गप्प झाले. ड्रायव्हर आरशातून पाहत होता, काही बिनसलं का म्हणून. चिमणी दिसल्यावर अण्णांनी पुढे बघतच विचारलं, "गोबी ओलांडली का?"

"ओलांडली," ताई म्हणाली. या वेळी तिने उशीर लावला नाही. मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "आई, येताना फ्लॉवर कर गं. कोबीचा कंटाळा आला."

आई म्हणाली, करते.

मला अंबरनाथला आत्याकडे उतरवलं. म्हणून मी गोष्टीतही तिथेच उतरते. गाडी पुढे गेली. ऑपरेशन झालं, म्हणजे झडप बसवली, पण ताई शुद्धीवर आली नाही.

नंतर कितीतरी दिवस काकांना कळवायचं राहिलं होतं. एका रविवारी अण्णा म्हणाले, जाऊन सांगून येऊ. स्कूटर काढली. आई साइडकारमध्ये बसली ती नेहमीसारखी एका कडेला अंग चोरून. बाजूला ताईची जागा. मी तिथे बसावं असं कुणी सुचवलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी एव्हाना उंच झाले होते, अण्णांच्या हनुवटीला माझं डोकं लागत होतं. तरी पुढेच उभी राहिले.

चिखलोली आली. आम्ही गप्प झालो. चिमणी आली. अण्णांनी स्कूटर हळू केली, त्यांचा श्वास माझ्या केसांत आत गेलेला मला कळला, आणि मग त्यांनी पुन्हा वेग घेतला. विचारून उपयोग नव्हता, उत्तर द्यायचा हक्क आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. देऊळ गेलं, स्टेशनचा बाजार गेला, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या गल्ल्या आल्या, तरी आम्ही तिघं तोंडं मिटून. डबा आईच्या मांडीवर होता. सवयीने केला असणार. तो उघडला नाही.

अण्णा दुकानाच्या पायरीशीच थांबले. काकांनी साइडकारकडे पाहिलं, दांडीवरच्या चिंध्यांकडे पाहिलं, आणि त्यांना समजलं. त्यांनी आम्हाला गादीवर बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "साईं, मेरे दादा भी लौटे नहीं. घर में हमने कभी नहीं बोला के वो गुज़र गए. दादी बोलती थी, काशगर में हैं."

आईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. हिंदी बोलायची तिला लाज वाटायची, चुका होतात म्हणून. तिने इतकंच विचारलं, "दादी कब तक बोली?"

"आख़िर तक," काका म्हणाले.

निघताना त्यांनी गल्ल्यामागून एक चिंधी काढली, पांढरी, आणि आईच्या हातात दिली. आईने ती दांडीला बांधली नाही. कनवटीला लावली.

पुढे वर्षं गेली. कारखाना बंद पडला, अण्णांनी स्कूटर कॅम्पातच विकली, चिंध्या सोडवायला आईने दुपार घालवली. चिखलोलीच्या माळावर बिल्डिंगा उठायला लागल्या. माझं कॉलेज संपत आलं होतं, तेव्हा आमच्या शेजारी एक नवं बिऱ्हाड आलं. त्यातली बाई पहिल्याच दिवशी विरजण मागायला आली आणि रीतीप्रमाणे चौकशी करत बसली. मी आत चहा टाकत होते. तिने विचारलं, मुली किती?

"दोन," आई म्हणाली. "धाकटी आत आहे. मोठी काशगरला असते."

मी गॅस बारीक केला.

"काश्मीरला?" ती बाई म्हणाली. "मिलिटरीवाले का जावई? बाई गं, थंडी किती असेल."

"असेल," आई म्हणाली. "आता सवय झाली असेल तिला."

बाई विरजण घेऊन गेली. काश्मीरची मुलगी हे प्रकरण मग चाळीत कायमचं चिकटलं. दिवाळीला लोक विचारायचे, मोठी येणार का? आई म्हणायची, सुट्टी नाही मिळाली.

पण त्या दिवशीचं सांगते. बाई गेल्यावर आईने विळी ओढली आणि कोबी चिरायला घेतला. फ्लॉवर आमच्या घरी परत आलाच नाही. भाजीवाल्याने कितीही पुढे केला तरी आई म्हणायची, तो येताना. अण्णा खुर्चीत पेपर धरून बसले होते. पेपरचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं. मग पेपरच्या मागूनच, इतक्या वर्षांनी, त्यांनी विचारलं, "गोबी ओलांडली का?"

आईचा हात विळीवर थांबला. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते आणि माझं तोंड आपोआप मिटलं होतं.

"ती सांगेल तेव्हा," आई म्हणाली, आणि पुन्हा चिरायला लागली.