मामाचं विमान, मामीचा पाय

आमच्या मामाचं केस कापायचं दुकान आहे. गिऱ्हाईक कितीही चुळबुळं असो, मामा त्याचे दोन्ही कल्ले असे कापतो की खुशाल पट्टी लावून बघावी. याच माणसाला विमानाचे दोन पंख मात्र एका रेषेत ठेवता येत नव्हते.

विमान रिमोटवरचं, फोमचं. दूर जाताना शहाण्यासारखं जायचं. पण वळून मामाकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं व्हायचं आणि मामाची भंबेरी उडायची. पहिलं झाडात गेलं, दुसऱ्याने मैदानात नाक खुपसलं. तिसरं आणलं तेव्हा मामीने निकाल देऊन टाकला: हे मोडलं की झोपायच्या खोलीतलं ते डिंकाने बरबटलेलं टेबल बाहेर, आणि नादही बंद. दिवसभर दुकानात उभं राहिल्यावर तेवढं एकच काम तो स्वतःसाठी करायचा. ते जाईल या धास्तीने मामाचं जेवणच कमी झालं, आणि मामाचं जेवण कमी होणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही.

मैदानावर विमान उडवायला शिकवणाऱ्या बाई म्हणजे एक निवृत्त परिचारिका. त्यांनी त्याला स्टॅबिलायझर बसवायला सांगितलं. काडेपेटीएवढी डबी, विमान कललं की तीच पंख सरळ करते, आणि रिमोटवरच्या बटणाने ती बंदही करता येते. मामाला मिरच्या झोंबल्या. लोकांच्या गळ्यावर वस्तरा धरणारा माणूस डबीच्या भरवशावर राहणार का, असं तो बरंच काही बडबडला. मामी गाडी चालवायला शिकवते, आणि तिच्या पायाशी जादा ब्रेक असतो.

"माझ्या ब्रेकच्या भरवशावर शिकलेले आज एकटे गाड्या चालवतातच ना?" ती म्हणाली. "बसवा गुपचूप."

मामाने बसवली. पण हयात गेली गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघण्यात; त्याने विमानाचंही नाक आपल्याकडे करून ठेवलं, आणि डबीवरचा 'पुढे' दाखवणारा बाण आपल्यापासून पुढे, म्हणजे नेमका शेपटीकडे केला. उडवण्याआधी विमान हातात धरून तिरकं करायचं आणि पंखांच्या कडेच्या पट्ट्या बघायच्या, अशी मैदानावरची रीत. त्या दिवशी विमान मामीने धरलं. डावा पंख खाली केला, तर त्याला उचलायला पट्टी खाली यायला हवी होती. ती वर गेली.

"अहो, ही तर पडणाऱ्याला आणखी ढकलतेय," मामी म्हणाली. मामाने डबी फिरवून बसवली.

मग मात्र गाडी रुळावर आली. गोंधळ झाला की रिमोटवरच्या काठ्या सोडायच्या, विमान आपोआप सावरायचं, आणि मामाला विचार करायला उसंत मिळायची. समोरून येताना जो पंख खाली गेला, त्याच बाजूला काठी सरकवायची, हे हळूहळू त्याच्या बोटांत मुरलं. खरी गंमत मामीची होती. विमान जरा कललं की शेजारी उभ्या मामीचा उजवा पाय ब्रेक दाबावा तसा गवत दाबायचा. आम्ही हसायचो, तिला पत्ताच नसायचा.

डबी बंद करून विमान उतरवून दाखवल्याशिवाय एकट्याने उडवायचं नाही, असा बाईंचा नियम होता. त्या सकाळी मामाने बटण बंद केलं. वारा होता. विमान मामाकडे तोंड करून खाली येत असताना एक पंख कलंडला. मामाचा अंगठा बटणाकडे निघाला, थांबला, आणि काठी पडत्या पंखाकडे सरकली. पंख उचलला गेला. विमान टेकलं, थोडं घरंगळलं आणि धडधाकट उभं राहिलं.

मामा मामीकडे वळला. "बटण बंद होतं. बघितलंस ना?"

"बटण कोण बघतंय?" मामी म्हणाली. "माझा पाय हलला नाही."

मामाने तिच्या पायाकडे बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. ते वाऱ्यामुळे होतं, असं तो अजूनही सांगतो. टेबल आहे तिथेच आहे.